ऑनलाइन वंशवृक्षातून 'गायब' झालेली माणसे कुठे जातात आणि परत कशी आणायची

जात पडताळणीसाठी कागद गोळा करता करता आपल्यातल्या अनेक तरुणांच्या हाती पणजोबा-खापरपणजोबांपर्यंतची नावे लागतात. प्रमाणपत्र मिळते आणि एवढी मेहनत करून जमवलेली फाइल पडून राहू नये म्हणून कुणीतरी ती नावे फॅमिलीसर्च, विकीट्री किंवा जेनी अशा संकेतस्थळावर चढवतो. मुंबईचा चुलतभाऊ त्यात भर घालतो, पुण्याची मावसबहीण फोटो टाकते. मग एक दिवस झाड उघडावे तर आजीचे माहेर दिसत नाही, पणजोबांच्या पाच मुलांपैकी दोनच उरलेली असतात. 'कुणीतरी डिलीट केले' असा सरळ निष्कर्ष निघतो, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस वाद चालतो आणि शेवटी कुणीतरी तीच नावे पुन्हा नव्याने भरतो.

हे पुन्हा भरणे सगळ्यात वाईट. सामायिक वृक्षातून माणूस कायमचा पुसला जाणे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा तो तिथेच असतो. त्याला बाकीच्यांशी जोडणारा धागा तुटलेला असतो, किंवा तो तुमच्या नजरेला पडणार नाही अशा जागी असतो. नवी नोंद केली की एका माणसाच्या दोन नोंदी होतात, पुढे कुणी त्यांतली एक भलत्याच कुणाशी जुळवतो आणि गुंता वाढत जातो. म्हणून आधी शोधायचे, मग जोडायचे, आणि नाहीच सापडले तरच नवे लिहायचे. आम्ही इथे मुख्यतः फॅमिलीसर्चविषयी बोलणार आहोत, कारण ते फुकट आहे. विकीट्री आणि जेनीचे वेगळेपण ओघात येईल.

झाड एकच, हात अनेक

फॅमिलीसर्चचा वृक्ष म्हणजे तुमची खासगी वही नव्हे. सगळ्या जगासाठी मिळून एकच झाड आहे आणि मृत व्यक्तीची नोंद कोणीही नोंदणीकृत सभासद बदलू शकतो. प्रत्येक व्यक्तीला अक्षरे आणि अंक मिळून एक आयडी मिळतो. नाव बदलो, गाव बदलो, आईबाप बदलोत, आयडी तोच राहतो. झाड तयार करताना घरातल्या किमान आजोबा-पणजोबांच्या पिढीचे आयडी कागदावर लिहून ठेवले असतील तर पुढचे निम्मे काम झालेच म्हणून समजा. नसतील तर संकेतस्थळावर तुम्ही शेवटी पाहिलेल्या व्यक्तींची यादी 'रिसेंट्स' या नावाने असते, ती आधी उघडा. हरवलेली आत्या बऱ्याचदा तिथेच बसलेली असते.

इथे नोंद 'डिलीट' करण्याचा अधिकारही मर्यादित आहे. ज्याने नोंद केली आणि ज्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीही त्या नोंदीला हात लावलेला नाही, तोच ती काढू शकतो. इतरांना फक्त नाते सोडवता येते, म्हणजे मुलाला आईबापापासून किंवा नवऱ्याला बायकोपासून वेगळे करता येते. माणूस राहतो, पण एकटा, कुणाशीही न जोडलेला.

दिसत नाही म्हणजे नाही असे नव्हे

सगळ्यात आधी झाडाच्या चित्रावरचा विश्वास सोडा. चित्रात एका वेळी एकच जोडीदार आणि आईबापांची एकच जोडी दिसते. एखाद्या पणजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी केली, किंवा विधवा पणजीने पाट लावला, तर त्यांची दोन कुटुंबे होतात. वृक्षाच्या चित्रात त्यांतले एकच पुढे येते, दुसऱ्या घरातली मुले मागे दडतात. आपल्या समाजात पाट लावणे सर्रास होते, त्यामुळे हा प्रकार आपल्या झाडांत वारंवार घडतो. त्या व्यक्तीचे स्वतंत्र पान उघडा. तिथे सगळे जोडीदार आणि प्रत्येकापासूनची मुले एकाखाली एक दिसतात.

दुसरी दडण्याची जागा म्हणजे 'आई अज्ञात'. मुलाला फक्त बापाशी जोडले आणि आईचे नाव भरले नाही, तर यंत्रणा त्या मुलाचा वेगळा गट करते: बाप अमुक, आई माहीत नाही. आता विचार करा, आपल्या कागदांवर आईचे नाव कितीसे असते? शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव, जमिनीच्या उताऱ्यावर बापाचे नाव. कागद बघून नोंदी भरणारा पोरगा पाच भावंडांपैकी तिघांना आईबाप दोघांशी जोडतो आणि दोघांना नुसते बापाशी. चित्रात तिघेच दिसतात. उरलेल्या दोघांना त्याच आईशी जोडले की सगळी भावंडे एका ओळीत येतात. पाच मिनिटांचे काम आहे, पण कारण कळेपर्यंत लोक महिनाभर हैराण होतात.

तिसरी गोष्ट हयात माणसांची. हयात व्यक्तीची नोंद ज्याने केली त्याच्या खासगी कप्प्यात राहते, बाकीच्यांना ती दिसत नाही. तुमच्या काकांची नोंद तुमच्या बहिणीने केली असेल तर ती तिला दिसेल, तुम्हाला नाही. हे योग्यच आहे. मात्र घोळ होतो तो मृत माणूस चुकून 'हयात' राहिल्यामुळे. आपल्याकडे आजोबांच्या जन्माचे साल माहीत नसते, मृत्यूची तारीख माहीत नसते, म्हणून भरणारा दोन्ही रकाने रिकामे सोडतो आणि 'हयात' ही खूण तशीच राहते. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर सगळे ठीक दिसते, भावकीतल्या बाकी कुणालाही मात्र ते आजोबा सापडत नाहीत. तारीख माहीत नसली तरी 'मृत' अशी खूण करता येते, तेवढी करावी.

यालाच जोडून पुढचा त्रास. एकाच काकांच्या चार घरांत चार खासगी नोंदी असतात. काका वारले, चौघांनी आपापल्या नोंदीवर तशी खूण केली की त्या चारही नोंदी उघड होतात. एकाच माणसाच्या चार प्रती, प्रत्येकीला अर्धीअर्धी मुले. त्या नीट एकत्र करणे हे कुणा एकाने अंगावर घ्यावे लागते, आणि घराघरांतून विचारून घ्यावे लागते.

धागा खरेच तुटला असेल तर

वर सांगितलेल्या तिन्ही जागा पाहूनही माणूस सापडला नाही, तर इतिहास उघडायचा. प्रत्येक व्यक्तीच्या पानावर 'लेटेस्ट चेंजेस' या मथळ्याखाली बदलांची नोंदवही असते. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले आणि त्याने काय कारण दिले, हे सगळे तिथे असते. हरवलेल्या माणसाचे पान मिळत नसेल तर जो अजून दिसतो आहे त्याचे पान उघडा. आत्या हरवली असेल तर आजोबांच्या पानावर 'मूल वेगळे केले' अशी नोंद सापडेल आणि त्या नोंदीतच आत्याचे नाव आणि आयडी असेल. समोर 'रिस्टोर'चे बटण असते. ते दाबण्याआधी दोन मिनिटे थांबून वाचा. ज्याने बदल केला त्याने कदाचित बरोबरच केले असेल.

एकत्रीकरण, म्हणजे 'मर्ज', याची गोष्ट थोडी वेगळी. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे वाटून कुणी त्या जुळवल्या की एक आयडी टिकतो आणि दुसरा बंद होतो. बंद झालेला आयडी शोधात टाकला तर ती नोंद कुणात मिसळली हे कळते. मिसळल्यानंतर टिकलेल्या नोंदीत पुढे कोणताही बदल झालेला नसेल तर सगळा मर्ज एका फटक्यात उलटवता येतो. बदल झाले असतील तर बंद झालेली व्यक्ती पुन्हा उभी करावी लागते आणि तिची नाती हाताने परत जोडावी लागतात. म्हणून चुकीचा मर्ज दिसला तर आधी टिकलेल्या नोंदीत दुरुस्त्या करत बसू नका. 'एवढे गावाचे नाव नीट करतो आणि मग बघतो' असे म्हटले की उलटवण्याची सोपी वाट बंद होते.

विकीट्रीवर प्रत्येक व्यक्तीच्या पानावर बदलांचा इतिहास असतो आणि मिसळलेली जुनी नोंद उघडायला गेलात तर ती नव्या नोंदीकडे नेते. जेनीवर 'रिव्हिजन्स' नावाचा भाग असतो. वाद चिघळला तर तिथे क्युरेटर म्हणून काम करणाऱ्या अनुभवी सभासदांकडे जाता येते. विकीट्रीची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: तिथे व्यक्तीचा आयडी जन्मावेळच्या आडनावावरून बनतो. आपण आत्याला सासरच्या आडनावाने शोधत राहतो आणि ती माहेरच्या आडनावाखाली असते. आमच्या मते ही पद्धत चांगलीच आहे, पण माहीत नसेल तर माणूस हरवला असे वाटते.

ज्याने बदल केला त्याच्याशी संकेतस्थळावरच संदेश पाठवून बोलता येते. भांडू नका. तो तुमचाच दूरचा भाऊबंद असू शकतो, किंवा नुसत्या यादीवरून नोंदी 'साफ' करणारा परदेशातला कुणी स्वयंसेवक असू शकतो, ज्याला आपली नावे कशी चालतात हे ठाऊक नाही. संदेश साधा असावा: 'जय भीम. आपण अमुक आयडीच्या व्यक्तीला अमुक आईपासून वेगळे केले आहे. आमच्याकडे १९६२ च्या वारस फेरफाराची नक्कल आहे, त्यात ही मुलगी म्हणून नोंदलेली आहे. नक्कल जोडली आहे. आपण कशाच्या आधारे बदल केला ते कळवावे.' परदेशी व्यक्ती असेल तर हेच सोप्या इंग्रजीत. आठवडा-दहा दिवस वाट पाहा, उत्तर आले नाही तर नाते परत जोडा आणि कारणाच्या रकान्यात कागदाचा उल्लेख करा. त्या व्यक्तीच्या पानावर 'फॉलो' ही खूण केली की पुढचे बदल ईमेलने कळतात.

आपल्याच झाडांत हे जास्त का होते

इथे आम्हाला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण संकेतस्थळाच्या मदत-पानावर हे मिळणार नाही.

बाबासाहेबांचेच घराणे घ्या. वडील रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत जी नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. म्हणजे 'भीमराव सकपाळ' असे शोधणाऱ्याला ही नोंद सापडणार नाही, आणि 'भिवा' कोण हे माहीत नसलेला माणूस ती वेगळ्या मुलाची समजेल. रमाईंच्या वडिलांचे आडनाव कुठे धुत्रे दिसते, कुठे वलंगकर. ज्यांच्या आयुष्याचा कागद न् कागद अभ्यासला गेला त्यांच्या घराची ही स्थिती, मग आपल्या पणजोबांचे काय?

आपल्याकडे एका माणसाला आयुष्यात दोन-तीन नावे असणे नवल नव्हते. मूल जगावे म्हणून ठेवलेली कचरू, दगडू, केरू, धोंडी ही नावे शाळेत राहिली. १९५६ नंतर किती जणांनी ती टाकून नवी घेतली. आडनाव गावावरून, कुळावरून किंवा मास्तरांनी लिहिले तसे. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत गेला तो गावाचे नाव लावू लागला, धाकटा गावात राहिला तो जुन्याच आडनावाने. ऑनलाइन झाडात हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे यंत्राला कसे कळणार? रोमन लिपीने त्यात भर घातली. कांबळे, वाघमारे, गायकवाड यांचे इंग्रजी स्पेलिंग घराघरात वेगळे. म्हणून प्रत्येक व्यक्तीला 'पर्यायी नावे' या भागात सगळी नावे द्या: जन्माचे, शाळेचे, सासरचे, टोपणनाव, देवनागरीतले आणि रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगे. शोध त्यांतूनच लागतो.

उलटा धोकाही तेवढाच. गायकवाड, जाधव, पवार, मोरे, शिंदे ही आडनावे अनेक समाजांत आहेत. एका गावात दोन वेगळ्या कुळांत 'रामा लक्ष्मण जाधव' असू शकतात. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल. रामा बिन लक्ष्मण, लक्ष्मण बिन रामा, पुन्हा रामा बिन लक्ष्मण. आजोबा आणि नातू यांची नोंद एकच समजून मिसळली की मधला लक्ष्मण आपल्याच मुलाचा मुलगा होतो आणि त्याची बाकीची भावंडे झाडातून बाहेर पडतात. संकेतस्थळ 'संभाव्य दुबार नोंदी' म्हणून जी जोडी सुचवते ती नुसती सूचना असते. नाव आणि गाव जुळते एवढ्यावर हो म्हणू नका. बायकोचे नाव, एखाद्या मुलाचे नाव, कागदावरचे साल यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

तारखांचेही तसेच. १ जून ही जन्मतारीख असलेली अर्धी भावकी सापडेल, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती ठोकून दिलेली असते. दोन व्यक्तींची १ जून ही तारीख जुळणे हा पुरावा नव्हे. त्यापेक्षा आजी सांगते ते 'बाबासाहेब गेले त्या वर्षी मी कडेवर होते', 'कोयनेच्या भूकंपात पोर झाले' हे जास्त भरवशाचे. पहिल्यावरून १९५६ चा अखेर कळतो, दुसऱ्यावरून डिसेंबर १९६७. तारखेच्या रकान्यात 'सुमारे' लिहून टिपणीत आजीचे वाक्य जसेच्या तसे टाका.

झाडात नसलेली माणसे कागदात असतात

कधीकधी माणूस झाडातून हरवलेला नसतो, तो तिथे कधी आलेलाच नसतो. आपल्या बहुतेक झाडांचा पाया जात पडताळणीच्या प्रस्तावासाठी केलेली वंशावळ हा आहे. ती वंशावळ एका कामासाठी केलेली असते: अर्जदारापासून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा असलेल्या पूर्वजापर्यंत पुरुषांची साखळी दाखवायची. त्या साखळीत बसत नाहीत ते सगळे गळतात. आत्या, मावश्या, निपुत्रिक काका, लहानपणी गेलेली मुले, पहिल्या बायकोची लेकरे. ही वंशावळ जशीच्या तशी ऑनलाइन चढवली तर निम्म्याहून जास्त घर बाहेरच राहते.

बायकांची नावे शोधायला आमच्या अनुभवात सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे वारस फेरफार. खातेदार वारला की तलाठ्याकडे वारसांची नोंद होते आणि त्यात मुलगे, मुली, विधवा यांची नावे, नाते आणि बऱ्याचदा वये असतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे मुलींची नावे त्या नोंदीत यावी लागतात. आणि गंमत म्हणा की दुःख म्हणा, बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला तर त्या हक्कसोड पत्रात सगळ्या बहिणी त्यांच्या सासरच्या नाव-गावासह हजर असतात. ज्या कागदाने त्यांची नावे सातबाऱ्यावरून गेली तोच कागद त्यांना झाडात परत आणतो. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल अर्ज करून मिळतात, काही जिल्ह्यांतले शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत.

वतनी जमीन असलेल्या घरांसाठी आणखी एक वाट आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली. वतन एका माणसाचे नसे, साऱ्या भावकीचे असे, म्हणून त्या कागदांत कोणत्या घराचा किती वाटा हे येते. पुढे फुटून गेलेल्या शाखा तिथे एका जागी सापडतात. मराठवाड्यात १९५४ चे खासरा पाहणी पत्रक आणि विदर्भात अधिकार अभिलेख पाहावेत. वतनी जमिनींचे वाद आजही चालू आहेत, आणि ज्या शाखेचे नाव वंशावळीतून गळले तिला आपला वाटा सांगणे अवघड जाते. झाड नीट ठेवणे हा नुसता हौसेचा मामला नाही, तो इथे कळतो. मात्र ऑनलाइन झाडाची छापील प्रत कार्यालयात पुरावा म्हणून पुढे करू नका. तिथे नक्कलच लागते.

कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, अनेक ठिकाणी मोडीत आहेत. बाळाचे नाव तिथे सहसा नसते, फक्त बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी. अशा बिननावाच्या नोंदी सोडून देऊ नका. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच लेकरांपैकी यशवंत तेवढे मोठे झाले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. त्यांची नावे आज आपल्याला तोंडपाठ आहेत. आपल्या स्वतःच्या घरात अशी किती लेकरे गेली हे मात्र आजीला विचारल्याशिवाय कळत नाही. वृक्षात त्यांना 'मुलगा, अल्पवयात मृत' किंवा 'मुलगी, अल्पवयात मृत' असे लिहून आईबापांशी जोडता येते.

शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, फौजेतल्या पेन्शनचे कागद, बीडीडी चाळीतल्या खोलीच्या भाड्याच्या जुन्या पावत्या, गिरणीचे कार्ड, भारतीय बौद्ध महासभेने दिलेली विवाहाची प्रमाणपत्रे या सगळ्यांचा फोटो काढा आणि ज्याच्या नावाचा कागद त्याच्या पानाला जोडा. कागद जोडलेल्या माणसाला कुणी सहज हलवत नाही. नुसते नाव असलेला माणूस पहिल्या फटक्यात हलतो.

धर्म, जात आणि आपला निर्णय

फॅमिलीसर्च कुणाचे आहे हे माहीत असूनच तिथे पाय ठेवावा. ते चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्यांचे आहे. मृत व्यक्तींच्या वतीने हयात सभासदाने बाप्तिस्मा घेण्याचा विधी या चर्चमध्ये आहे, आणि पूर्वजांची नावे गोळा करण्यामागे तो मोठा हेतू आहे. सभासदांनी फक्त आपल्या पूर्वजांचीच नावे विधीसाठी द्यावीत असा चर्चचा नियम आहे, आणि मृत व्यक्ती ते स्वीकारो वा न स्वीकारो अशी त्यांची शिकवण. तरीही नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे विधीसाठी वापरली गेली, त्यावर मोठा वाद झाला आणि १९९५ मध्ये चर्चला ज्यू संघटनांशी करार करून ती नावे काढण्याचे मान्य करावे लागले.

ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या नावाचा असा कुठेतरी वापर होऊ शकतो ही कल्पनाच काही घरांना सहन होणार नाही. काही घरे म्हणतील की दूरदेशी कुणी काही विधी केला म्हणून आमचे आजोबा बौद्ध राहायचे थोडेच थांबतात. दोन्ही भूमिका आम्हाला समजतात. निर्णय मात्र एकट्या पोराने मोबाइलवर घेऊ नये, घरातल्या मोठ्यांना सांगून घ्यावा. ज्यांना नको त्यांनी विकीट्री वापरावे, तेही फुकट आहे. किंवा ग्रॅम्प्स हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालवावे, ते देवनागरीही नीट चालवते. आणि कुठलेही संकेतस्थळ वापरले तरी स्वतःकडे एक प्रत हवीच.

फॅमिलीसर्चवर 'जातीचे नाव' असाही एक रकाना आहे. आमचे मत असे: १९५० पूर्वीच्या दाखल्यावर 'महार' लिहिले असेल तर तो कागद तसाच जोडा, त्यावरचा मजकूर तसाच उतरवा, कारण तोच उद्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल. व्यक्तीच्या पानावरचा जातीचा रकाना रिकामा ठेवा. धर्माच्या रकान्यात दीक्षा घेतलेल्यांसाठी 'बौद्ध' लिहा आणि दीक्षेचे साल, ठिकाण माहीत असेल तर घटना म्हणून नोंदवा. नागपूरला गेलेले होते की पुढे तालुक्याच्या कार्यक्रमात दीक्षा घेतली, हे मोठ्यांना आज विचारले तर आठवते.

हयात माणसांचे फोटो, आधार क्रमांक दिसणारे कागद, जात वैधता प्रमाणपत्राची प्रत यांपैकी काहीही सामायिक झाडावर टाकू नका. मृताच्या कागदावर हयात वारसांची नावे असतील तर ती झाकून फोटो जोडा. आंतरजातीय लग्न करून घरातून तुटलेल्या बहिणीला झाडात घेताना आधी तिला विचारा. तिचे नवे नाव, गाव, मुले हे सगळे उघड व्हावे की नाही हे तिने ठरवायचे आहे. ती नको म्हणाली तर तिची नोंद तुमच्या खासगी कप्प्यातच राहू द्या.